हिरवा बंब, लाल बंब: २००२ च्या ब्रिटिश संपातलं सैन्य

ब्रिटनमधल्या गल्ल्यांतून भिंतीवर किंवा बुटक्या खांबावर एक पिवळी पाटी दिसते. तिच्यावर इंग्रजी ‘एच’ अक्षर आणि दोन आकडे. वरचा आकडा जमिनीखालच्या जलवाहिनीचा व्यास सांगतो, खालचा सांगतो की पाटीपासून हायड्रंट किती अंतरावर आहे. हायड्रंट तिथे रस्त्यावर उभा नसतो, लोखंडी झाकणाखाली खड्ड्यात असतो. झाकण उचला, आत उभा नळ बसवा, लांब दांड्याच्या चावीने व्हॉल्व्ह सोडा, मग पाणी. त्या भागात दहा वर्षं काढलेल्या अग्निशामकाला पाटी शोधावी लागत नाही. कुठलं झाकण नेहमी कोणाच्या गाडीखाली झाकलेलं असतं, हेसुद्धा त्याला ठाऊक असतं.

मी कारखान्यात सुरक्षा विभागात काही वर्षं काढली आहेत. एका मॉक ड्रिलला आमच्याच आवारातल्या हायड्रंटचं झाकण गंजून बसलेलं निघालं. सहा जण, एक पहार आणि अकरा मिनिटं. पाणी आलं तेव्हा साहेब चहाला निघून गेले होते. म्हणून हे प्रकरण वाचताना माझं लक्ष आधी झाकणाकडे जातं, राजकारणाकडे नंतर.

१३ नोव्हेंबर २००२ च्या संध्याकाळी सहा वाजता ब्रिटनभरच्या अग्निशामकांनी ४८ तासांचा संप सुरू केला, आणि ती झाकणं शोधायचं काम सैनिकांकडे आलं. आपल्या बातम्यांत बंबावरचाही जवानच आणि सीमेवरचाही जवानच, त्यामुळे मराठीत हे सांगताना घोळ होतो. इथे मी संपावर गेलेल्यांना अग्निशामक म्हणतो आणि त्यांच्या जागी आलेल्यांना सैनिक.

भांडण कशाचं होतं

पूर्ण शिकलेल्या अग्निशामकाला तेव्हा वर्षाला साधारण साडेएकवीस हजार पौंड मिळत. फायर ब्रिगेड्स युनियनची मागणी ३० हजारांची होती, म्हणजे सुमारे ४० टक्के वाढ. आकडा ऐकून कोणाचेही डोळे पांढरे होतील. पण त्यामागे २५ वर्षांचा हिशेब होता, आणि तो समजल्याशिवाय २००२ समजत नाही.

१४ नोव्हेंबर १९७७ रोजी याच युनियनने आपला पहिला देशव्यापी संप केला. महागाई १५ टक्क्यांच्या वर होती, जेम्स कॅलहन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने पगारवाढीला १० टक्क्यांची मर्यादा घातली होती, आणि मागणी ३० टक्क्यांची होती. तेव्हाही सैन्य उतरलं. संप नऊ आठवडे चालला, त्यात नाताळही गेला, आणि १९७८ च्या जानेवारीच्या मध्यावर माणसं कामावर परतली. हाती आले ते सरकारच्या मर्यादेतले १० टक्केच. पण त्यासोबत एक सूत्र मिळालं: इथून पुढे अग्निशामकाचा पगार पुरुष अंगमेहनती कामगारांच्या कमाईच्या वरच्या चौथाईशी बांधलेला राहील. आठवड्याचे तास ४८ वरून ४२ वर आले.

युनियन तेव्हा हरली असं पुष्कळांनी लिहिलं. मला ते पटत नाही. दरवर्षी टेबलावर बसून भांडायची गरजच ज्या सूत्राने संपवली आणि पाव शतक देशव्यापी संप होऊ दिला नाही, त्याला हार कसं म्हणायचं? अडचण वेगळीच निघाली. अंगमेहनतीच्या कामगारांचीच कमाई इतरांच्या मागे पडत गेली आणि त्यांच्याशी बांधलेला अग्निशामकही त्यांच्यासोबत मागे राहिला. तोवर त्याचं काम बदललं होतं. रस्त्यावरच्या अपघातात चेपलेली गाडी कापून माणूस काढणं, रसायनांची गळती, पूर, हे सगळं त्याच्याकडे आलं होतं. २००२ च्या मतदानात सुमारे ८८ टक्के सभासदांनी संपाच्या बाजूने कौल दिला, तो या भरून राहिलेल्या रागाचा.

देवी आणि तिची टाकी

सैन्याच्या या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन फ्रेस्को’. सुमारे १९ हजार सैनिक, नाविक आणि हवाईदलाचे लोक त्यात गुंतले, आणि त्यांच्या हाती ८२७ ‘ग्रीन गॉडेस’ म्हणजे जुन्या हिरव्या बंबगाड्या दिल्या गेल्या. या हिरव्या देवीची कुंडली बघण्यासारखी आहे.

गाडी बेडफर्ड कंपनीची, १९५० च्या दशकातली. शीतयुद्धाचा काळ होता. अणुबॉम्ब पडला, शहरं पेटली आणि जमिनीखालच्या जलवाहिन्या फुटल्या, तर नदीतून किंवा तलावातून मैलोनमैल पाणी ओढून आणायचं, त्यासाठी ही गाडी बांधली गेली. चालवणारे असणार होते सहायक अग्निशमन सेवेचे स्वयंसेवक. १९६८ मध्ये ती सेवाच गुंडाळली गेली आणि गाड्या गोदामात गेल्या. १९७७ च्या संपात त्या बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या, आणि २००२ मध्ये परत बाहेर. म्हणजे स्टिअरिंगवर बसलेल्या विशीतल्या सैनिकापेक्षा गाडी दुपटीहून जास्त वयाची.

पॉवर स्टिअरिंग नाही. वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास, तोही सपाट रस्त्यावर. लाकडी शिडी. अपघातात पत्रा कापायची हायड्रॉलिक हत्यारं नाहीत. एक गोष्ट मात्र दणकट होती: पंप. मिनिटाला चार हजार लिटरच्या घरात पाणी फेकण्याची ताकद. आणि टाकी? मॉडेलप्रमाणे साधारण साडेतेराशे ते अठराशे लिटर. गुणाकार करून बघा. पंप पूर्ण सोडला तर टाकी अर्ध्या मिनिटाच्या आत कोरडी. गाडीची आखणीच तशी होती, ती वाहत्या पाण्याशेजारी उभी राहण्यासाठी बनवली होती. घराला लागलेल्या आगीवर कोणी पंप एवढा सोडत नाही हे खरं, पण कितीही जपून वापरलं तरी काही मिनिटांत प्रश्न एकच उरतो: झाकण कुठे आहे?

शिवाय गाड्या उभ्या कुठे होत्या तेही बघायला हवं. अग्निशमन ठाण्यांच्या दारात संपकरी बसलेले, आत लाल बंब रिकामे उभे. ती रांग ओलांडून सैनिकांनी ते बंब बाहेर काढणं म्हणजे भडका. म्हणून हिरव्या गाड्या छावण्यांत, राखीव सैन्याच्या केंद्रांत, मिळेल त्या आवारात ठेवल्या. ठाणी उभारताना शहराचा धोका मोजून जागा ठरवलेली असते, छावणी ठरवताना तसं कोणी बघितलेलं नसतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण इथे अगदी शब्दशः लागू पडत होती. त्यात रस्ते अनोळखी, म्हणून पुढे पोलिसांची गाडी वाट दाखवायला.

आता ही मिरवणूक नीट बघा. ब्रिटनमध्ये पोलिसांना संप करता येत नाही, १९१८ आणि १९१९ च्या संपांनंतर कायद्यानेच ते बंद केलं. सैनिकाला तर नाहीच येत. अग्निशामकाला मात्र येतो. म्हणजे ज्याला संप करता येतो त्याचं काम, ज्यांना करता येत नाही असे दोघे मिळून करत होते, आणि साध्या सैनिकाचा पगार संपकऱ्याच्या तेव्हाच्या, न वाढलेल्या पगारापेक्षाही कमी होता. सैनिकांना या गोष्टीची जाणीव नसेल असं मानायचं कारण नाही. पण तक्रार करायला त्यांची युनियन नव्हती.

दाराबाहेरची आग आणि दाराच्या आतली

थोड्या दिवसांत सैनिकाला काय शिकवता येतं? होज उलगडणं, जोडणं, पंप चालवणं, शिडी लावणं, नळ बसवणं. सैनिक हे चटकन शिकतात. शिस्त आहे, अंगात ताकद आहे, रात्री जागायची सवय आहे. बाहेरून पाणी मारून आग आटोक्यात ठेवणं आणि शेजारच्या इमारतीकडे तिला जाऊ न देणं, एवढं या शिक्षणावर होतं.

अडतं ते दारापाशी. बंद खोलीत आग प्राणवायू संपवून मंदावते, पण खोली तापलेली असते आणि धुरात न जळलेला वायू भरून राहिलेला असतो. दार उघडलं की हवा आत जाते आणि सगळा धूर एकदम पेट घेतो. अनुभवी माणूस दाराला उलटा हात लावून बघतो, फटीतून धूर कसा येतोय ते बघतो, तो आत ओढला जातोय की बाहेर ढकलला जातोय ते बघतो. दार बोटभर उघडून वर पाण्याचा फवारा मारतो, पुन्हा लावतो. श्वसनयंत्र पाठीला, सिलिंडरमध्ये हवा मोजकी, बाहेर एक जण फळा घेऊन कोण किती वाजता आत गेला ते लिहितोय. हे काम पुस्तकातून येत नाही, तीन दिवसांच्या वर्गातून तर नाहीच.

म्हणून फ्रेस्कोत दोन थर केले होते. हिरव्या गाडीवरच्या साध्या तुकडीने इमारतीत शिरायचं नाही. आत जायचं ते श्वसनयंत्र घेऊन येणाऱ्या वेगळ्या पथकांनी. त्यांत हवाईदलाचे आणि नौदलाचे प्रशिक्षित अग्निशामक होते, म्हणजे विमानतळावर किंवा जहाजावर रोज हेच काम करणारी माणसं. अपघातात माणूस कापून काढणारी पथकं आणखी वेगळी. ही पथकं हिरव्या बंबांच्या मानाने बरीच कमी होती. एखाद्या घरापाशी हिरवी गाडी आधी पोचली, वरच्या मजल्यावर माणूस अडकलाय असं कळलं, आणि श्वसनयंत्राचं पथक अजून वाटेत आहे, अशा वेळी खालचा कॉर्पोरल काय करेल? हुकूम सांगतो थांब. वरून आवाज येतो. योजना कागदावर कितीही चांगली असली तरी तिचा सगळा भार या एका माणसावर येऊन पडतो.

ही पोकळी कोणी भरली? बऱ्याच वेळा संपकऱ्यांनीच. १९७७ मध्ये आणि २००२ मध्येही, माणूस अडकल्याची बातमी आल्यावर ठाण्याच्या दारातली शेकोटी सोडून अग्निशामक धावल्याच्या घटना घडल्या. युनियनच्या दृष्टीने ही पंचाईत होती, सरकारच्या दृष्टीनेही. संप मोडला म्हणावा तर माणूस वाचवलाय, मोडला नाही म्हणावा तर मग सैन्याची सोय पुरेशी होती हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आपल्याकडे संपात काम करणाऱ्याला संपफोड्या म्हणतात. पण दुसऱ्याची भाकरी न हिरावता, चार तास काम करून पुन्हा येऊन संपावर बसणाऱ्याला काय म्हणायचं, याला शब्द नाही.

आणि एक गोष्ट बहुतेक वृत्तांतांत निसटते. देश फक्त सैन्याच्या भरवशावर नव्हता. ग्रामीण ब्रिटनमध्ये बरीच ठाणी अर्धवेळ अग्निशामक चालवतात: दिवसा दुकानदार किंवा सुतार, पेजर वाजला की बंबावर. त्यांची स्वतंत्र संघटना होती, आणि तिचं मत संपाच्या विरोधात होतं. त्यामुळे अनेक खेड्यांत लाल बंब चालूच राहिला. भार पडला तो शहरांवर. लंडनमध्ये जमिनीखालची काही खोल स्थानकं संपाच्या दिवसांत बंद ठेवली, कारण लिफ्टवर अवलंबून असलेल्या स्थानकात आग लागली तर माणसं वर काढायची कोणी?

घड्याळ कोणाच्या हातात

आता राजकारण. सरकारने सर जॉर्ज बेन यांच्याकडे सेवेची चौकशी सोपवली होती. त्यांच्याकडून सूचना आली ती दोन वर्षांत ११ टक्क्यांची, तीही कामाच्या पद्धती बदलण्याच्या अटीवर. युनियनने ती झिडकारली. २२ नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजता आठ दिवसांचा दुसरा संप सुरू होणार होता. आदल्या रात्रभर युनियन आणि मालक, म्हणजे अग्निशमन सेवा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी, बसले आणि पहाटे १६ टक्क्यांवर हात मिळवण्यापर्यंत आले. उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी सरकारच्या वतीने पैशाची हमी द्यायला नकार दिला, आणि नऊ वाजता लाल बंब पुन्हा थांबले. युनियनचे सरचिटणीस अँडी गिलख्रिस्ट यांच्या बाजूने बघितलं तर समोर मालक होते, पण तिजोरीची चावी तिसऱ्याकडेच. पालिकेच्या कामगार नेत्यांना आपल्याकडे हे अजिबात नवं वाटणार नाही.

याच सुमारास एक वेगळा दाब वाढत होता, तो अग्निशामकांकडून नव्हे तर संरक्षण खात्याकडून. इराकवर चढाईची तयारी चालू होती. १९ हजार माणसं म्हणजे त्या वेळच्या ब्रिटिश सशस्त्र दलांचा दहावा हिस्सा म्हणावा इतका आकडा. ही माणसं होज धरून बसली तर त्यांची नेहमीची कवायत थांबते, जहाजांवरचे लोक किनाऱ्यावर अडकतात. संरक्षण दलांचे प्रमुख अॅडमिरल सर मायकेल बॉइस यांनी या गुंतवणुकीबद्दलची चिंता जाहीरपणे बोलून दाखवली. सेनाधिकाऱ्याने असं उघड बोलणं ब्रिटनमध्ये विरळा. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा ब्रिटनने सुमारे ४६ हजारांची फौज पाठवली.

या प्रकरणातून मला जे दिसतं ते हे. संपात सैन्य उतरवलं की आपण समजतो, सरकारने वेळ विकत घेतला. १९७७ मध्ये ते खरं होतं. नऊ आठवड्यांत आधी थकले ते संपकरी. २००२ मध्ये मात्र उसना घेतलेला वेळ सैन्याच्याच खात्यातून वजा होत होता. संपकऱ्यांना हे कळत होतं, आणि म्हणूनच त्यांनी बेमुदत संप न करता ४८ तास, आठ दिवस, मग जानेवारी-फेब्रुवारीत २४ आणि ४८ तास असे तुकडे पाडले. तुकड्यांच्या संपात संपकऱ्याचा पगार थोडाच बुडतो, पण सैनिकाला मधल्या दिवसांतही परत पाठवता येत नाही. तो राखीव बसून राहतो. शस्त्र मोठं चलाख होतं, पण धार दोन्ही बाजूंना होती. युद्ध जवळ आल्यावर, सैनिकांना अडकवून ठेवणारी युनियन लोकांच्या नजरेत उतरू लागली. शरद ऋतूत रस्त्यावरून जाताना हॉर्न वाजवून पाठिंबा देणारे लोक वसंतात तितकेसे दिसेनात.

१२ जून २००३ ला तडजोड मंजूर झाली. तीन वर्षांत सुमारे १६ टक्के, पूर्ण शिकलेल्या माणसाला २५ हजार पौंड, आणि बदल्यात कामाच्या पद्धतीत बदल. पहाटे बोलणी झाली तेव्हाचा टक्का आणि सात महिन्यांनंतरचा टक्का बघा. अटी मात्र बदलल्या होत्या.

मोजायचं कशाने

सैन्याची सोय पुरेशी ठरली का? ब्रिटनमध्ये तेव्हा आगीच्या संरक्षणाची मोजणी ठरलेली होती. दाट व्यापारी वस्तीत पहिले दोन बंब पाच मिनिटांत आणि तिसरा आठ मिनिटांत पोचला पाहिजे. विरळ ग्रामीण भागात एक बंब वीस मिनिटांत. या पट्टीने मोजलं तर हिरव्या गाड्या नापास, त्यात वादच नाही. पण संपाच्या दिवसांत देश जळून खाक झाला नाही, हेही खरं. सुधारणा हव्या असलेल्यांनी हेच धरलं: बघा, एवढ्या ठाण्यांची गरजच नव्हती.

हा युक्तिवाद मला लबाड वाटतो. संपाच्या दिवशी माणसं वेगळी वागतात. धूर ओळखणाऱ्या यंत्राची बॅटरी तपासतात, कढई गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसत नाहीत. आठ दिवसांत जे घडलं नाही ते आठ वर्षांत घडणार नाही, असं म्हणता येत नाही. उलट बाजूचा युक्तिवादही तितकाच कच्चा: त्या दिवसांत आगीत जी माणसं गेली ती संपाने मारली, असं वर्तमानपत्रं लिहीत होती. नेहमीचा बंब आला असता तर त्यातलं कोण वाचलं असतं, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं, आणि तरीही दोन्ही बाजू सांगत होत्या.

पुढे मिनिटांचे राष्ट्रीय निकष गेलेच. त्यांच्या जागी प्रत्येक दलाने आपल्या भागाचा धोका मोजून आपली योजना करायची, असं ठरलं.

आपल्याकडे सैन्य आलं ते पोलिसांच्या वेळी. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांचं बंड झालं तेव्हा रस्त्यावर लष्कर उतरलं होतं. गिरणी संप त्याच वर्षीचा. अग्निशमन सेवेबाबत इथली वाट वेगळी आहे: अत्यावश्यक सेवेचा कायदा, म्हणजे मेस्मा, लावून संपच बेकायदा ठरवायचा. त्यामुळे ‘त्यांच्या जागी कोण?’ हा प्रश्न आपण कागदावर सोडवायची गरज कधी वाटून घेतलेली नाही. १४ एप्रिलला दरवर्षी मुंबई गोदीच्या १९४४ च्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशामकांना मानवंदना दिली जाते. पगाराच्या वाटाघाटी त्या तारखेला होत नाहीत.

ब्रिटनमध्ये २००४ साली कायदे बदलले, आणि अडचणीच्या वेळी पर्यायी व्यवस्था तयार ठेवण्याची जबाबदारी स्थानिक अग्निशमन प्राधिकरणांकडे गेली. लंडनने पुढे त्यासाठी २७ बंब एका खासगी कंपनीकडून घेतले. ग्रीन गॉडेस २००५ च्या सुमारास विकायला काढल्या. काही आफ्रिकेतल्या देशांत गेल्या, काही संग्रहालयांत, काही हौशी लोकांच्या अंगणात. जुन्या गाड्यांच्या जत्रेत एखादी उभी असली की पोरं तिच्यावर चढून स्टिअरिंग फिरवून बघतात. ते फिरत नाही, मग वडील हात लावतात.